खचलेल्या चरामुळे मोटारसायकलचा अपघात : नुकसानभरपाई मागताना नेमके काय सिद्ध करावे लागते?

प्रश्न — दंतसाचा

नमस्कार. पाच आठवड्यांपूर्वी संध्याकाळी कामावरून परतताना माझी मोटारसायकल पडली आणि उजव्या मनगटाचे व खांद्याजवळचे कॉलर बोन अशी दोन हाडे मोडली. जवळपास दुसरे कोणतेही वाहन नव्हते. एका वळणावर केबल टाकण्यासाठी रस्त्याच्या लांबीच्या दिशेने खणलेला चर आहे. तो वरून बुजवलेला होता, परंतु आतला भराव खचल्यामुळे चराच्या कडेला जुन्या डांबराची सरळ पायरी तयार झाली होती. पुढचे चाक चरात उतरले, बाहेर निघताना त्या पायरीला घासत राहिले, हँडल वळेनासे झाले आणि मी उजव्या अंगावर आपटलो. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास असावा. डोक्यावर हेल्मेट होते आणि त्याचा पट्टाही लावलेला होता. हा माझा रोजचा रस्ता आहे.

तिसऱ्या दिवशी पत्नीने त्या जागेची चार छायाचित्रे काढली. नवव्या दिवशी मेहुणे तिथे गेले, तेव्हा संपूर्ण चरावर ताजे डांबर पडलेले होते. रुग्णालयातील पहिल्या कागदावर 'गाडी घसरून पडले' एवढीच नोंद आहे, चराचा उल्लेख नाही. त्या क्षणी मला कोणी विचारले नाही आणि सांगण्याच्या अवस्थेत मीही नव्हतो.

मी दंत-प्रयोगशाळेत कवळ्या आणि कॅप घडवतो. मेणाचा दात कोरताना सुरी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून मनगट किंचित आत वळवावे लागते. प्लास्टर निघाल्यावर मी प्रयत्न करून पाहिला, तेव्हा दोन-तीन मिनिटांत सुरी बोटांतून निसटली.

कायदा ठिकाणागणिक बदलतो याची मला कल्पना आहे आणि वकिलांची भेटही ठरवली आहे. परंतु त्यांच्यासमोर कोरी पाटी घेऊन जाण्याची इच्छा नाही. रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून भरपाई मागताना माझ्यावर काय सिद्ध करण्याची जबाबदारी येते? चर बुजवला गेल्यामुळे माझा पुरावाच नाहीसा झाला, असे समजावे काय?

उत्तर १ — उलटतपासणी

मी अनेक वर्षे दिवाणी न्यायालयांत वकिली केली असून आता निवृत्त आहे. आपण ठिकाण लिहिले नाही ते एका परीने बरेच झाले, कारण त्यामुळे कलमांच्या आधी मुद्द्यांविषयी बोलता येईल.

बहुतेक अशील एकच वाक्य घेऊन येतात : 'रस्त्यात खड्डा होता आणि मी पडलो.' न्यायालयाच्या दृष्टीने ही निम्मी गोष्टसुद्धा नाही. खड्डा असणे हा दोष नव्हे. तो आहे हे ठाऊक असूनही, किंवा ठाऊक असायला हवे असूनही, वाजवी वेळेत तो दुरुस्त न करणे किंवा तिथे धोक्याचा फलक न लावणे हा दोष आहे. म्हणून आपल्या दाव्याचा कणा चराची खोली नसून त्याचे वय आहे. अपघाताच्या दिवशी ती पायरी किती दिवसांपासून तिथे होती, आणि त्या काळात यंत्रणेचा कोणी माणूस तिच्यावरून गेला होता का, हे आपल्याला दाखवावे लागेल.

हा विचार वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळ्या कडकपणे राबवला आहे. इंग्लंडमध्ये १९८० च्या हायवेज ॲक्टचे कलम ४१ रस्ता सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य घालून देते, तर कलम ५८ यंत्रणेला बचाव देते; आपण वाजवी काळजी घेतली होती हे तिने दाखवले तर ती सुटते. तिथे दावेदाराने रस्ता धोकादायक होता हे सिद्ध केले की तपासणीच्या नोंदी मांडण्याचे ओझे यंत्रणेवर जाते. ऑस्ट्रेलियात दुरुस्ती न करण्याबद्दल रस्ते यंत्रणेला जुन्या काळापासून संरक्षण होते. ते तिथल्या उच्च न्यायालयाने २००१ मध्ये मोडीत काढले, परंतु न्यू साउथ वेल्स राज्याने २००२ च्या कायद्यात त्या विशिष्ट धोक्याची यंत्रणेला प्रत्यक्ष माहिती असल्याशिवाय ती जबाबदार नाही अशी तरतूद करून दार पुन्हा बरेचसे लोटून घेतले. न्यूयॉर्क शहर त्याहून कडक आहे : तिथे त्या दोषाची लेखी सूचना शहराला आधीच मिळालेली असावी लागते. हा नियम आल्यावर तिथल्या वकिलांच्या संघटनेने १९८२ मध्ये एक संस्था काढली आणि माणसे पाठवून शहरभरातील खड्ड्यांचे व फुटक्या पदपथांचे नकाशे तयार करवून घेतले. ते नकाशे शहराच्या कार्यालयात दाखल झाले की लेखी सूचना दिल्यासारखेच होई. मला हा प्रकार नेहमीच मजेशीर वाटत आला आहे, पण त्यामागचा धडा गंभीर आहे : आपल्या आधी कोणी तक्रार केली होती का, हे शोधणे ही चैन नाही, तो दाव्याचा पाया आहे.

भारतात २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल यांचे ठरलेले मानक न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार वा सल्लागार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोष यंत्रणेला माहीत होता किंवा वाजवी अपेक्षेने माहीत असायला हवा होता का, आणि इशाऱ्याचे फलक होते का, हे न्यायालयाने पाहावे असे त्या कलमातच म्हटले आहे, म्हणजे कसोटी पुन्हा तीच. मात्र दंडाची रक्कम अपघात निधीत जाते, जखमीच्या हातात नाही. भरपाईचा मार्ग वेगळा धरावा लागतो. दुसरे वाहन नसलेल्या अपघातात आपल्याच गाडीचा 'थर्ड पार्टी' विमा आपल्या उपयोगी पडत नाही, हेही लोकांना फार उशिरा कळते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे झालेल्या मृत्यूसाठी ६ लाख आणि जखमांसाठी ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली, ती याच पोकळीमुळे.

आता सर्वांत तातडीची गोष्ट, म्हणजे मुदत. सरकारी यंत्रणेविरुद्धच्या मुदती सामान्य दाव्यांपेक्षा पुष्कळदा आखूड असतात. न्यूयॉर्कमध्ये दाव्याची सूचना ९० दिवसांत द्यावी लागते, कॅलिफोर्नियात सहा महिन्यांत. इंग्लंडमध्ये शारीरिक इजेच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षे मिळतात. भारतात सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पाच आठवडे आपले गेले आहेत. वकिलांची भेट पुढच्या महिन्यातली असेल, तर ती या आठवड्यात आणावी.

उत्तर २ — रोलरमागे

रस्त्यांच्या देखभालीच्या कामात माझे निम्मे आयुष्य गेले, म्हणून चर बुजवला गेल्याच्या मुद्द्याबद्दल लिहितो. पुरावा नाहीसा झालेला नाही. तो रस्त्यावरून कागदावर गेला आहे. डांबर आपोआप पडत नाही. कोणीतरी काम काढले, कोणीतरी टेम्पो पाठवला, कोणीतरी लांबी-रुंदी-जाडी मोजून मोजमाप पुस्तकात लिहिली, कारण त्याशिवाय बिल निघत नाही. त्या नोंदीत दुरुस्त केलेल्या चराची जाडी असेल, तर आपली पायरी किती उंच होती याचा अंदाज प्रतिपक्षाच्याच हस्ताक्षरात मिळू शकतो. शिवाय काम कोणत्या तक्रारीवरून काढले हेही बहुधा तिथेच सापडते. ही कागदपत्रे मागण्याचा हक्क अनेक देशांत आहे : भारतात २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली ३० दिवसांत, ब्रिटनमध्ये २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असे मोघम लिहू नये. चर खणण्याची परवानगी, रस्ता पूर्ववत करण्याची अट, मागील सहा महिन्यांच्या तपासणीच्या नोंदी, त्या वळणाबद्दल आलेल्या तक्रारी आणि दुरुस्तीचा कार्यादेश, असे नावानिशी मागावे.

चर का खचतो हेही समजून घ्यावे, कारण त्यावरून दोष कोणाचा ते ठरते. खणलेली माती थराथराने टाकून प्रत्येक थर दाबायचा असतो. घाईत सगळा भराव एकदम ढकलतात, वरून एक-दोन वेळा यंत्र फिरवतात आणि डांबराचा पापुद्रा चढवतात. पाणी मुरले आणि वाहतूक सुरू झाली की आतली पोकळी बसत जाते. कडेचे जुने डांबर पक्क्या थरावर असल्यामुळे जागचे हलत नाही, आणि म्हणून आपण म्हणता तशी सरळ पायरी उभी राहते. अशी पायरी एका रात्रीत तयार होत नाही, ती आठवड्यांत होते. आपल्या वकिलांना हे वाक्य एखाद्या अभियंत्याच्या शपथपत्रातून हवे असेल.

याचा अर्थ असाही होतो की आपला खरा प्रतिवादी कदाचित रस्त्याची मालक यंत्रणा नसून केबल टाकणारी कंपनी किंवा तिचा कंत्राटदार असेल. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याखालील व्यवस्थेनुसार खणणाऱ्याने पूर्ववत केलेल्या रस्त्याची दोन वर्षे हमी द्यावी लागते, आणि चर दीड मीटरपेक्षा खोल असेल तर तीन वर्षे. आपल्याकडच्या निविदांमध्ये 'दोषदायित्व कालावधी' म्हणतात तो हाच प्रकार. त्या काळात चर खचला तर बोट कोणाकडे जाते हे करारातच लिहिलेले असते. नोटीस एकालाच पाठवली की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तेवढ्यात मुदत टळते, हे मी कार्यालयाच्या आतून पाहिले आहे. म्हणून सर्वांनाच पाठवावी.

एक तांत्रिक मुद्दा आवर्जून मांडावा. चारचाकीला ती पायरी म्हणजे फक्त एक धक्का. मोटारसायकल मात्र हँडलच्या बारीक हालचालींवर तोल सांभाळते आणि तिचा प्रत्येक टायर जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकलेला असतो. पायरी आडवी असती तर चाक उडी मारून पार झाले असते. ती प्रवासाच्या दिशेला समांतर असल्यामुळे चाक तिरपे चढू पाहते, घसरते आणि कडेला अडकून राहते. 'इतक्या गाड्या रोज जातात, कोणी पडले नाही' हा युक्तिवाद हमखास येतो, आणि त्याला हेच उत्तर आहे. इंग्लंडमधील अनेक स्थानिक संस्था ४० मिलिमीटर खोली हा दुरुस्तीचा उंबरठा मानत आल्या आहेत, पण तो आकडा कायद्यात नाही. कोणती खोली धोकादायक हे जागा, दिशा आणि वापरणारा पाहूनच ठरते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद — दंतसाचा

दोघांचेही मनापासून आभार. वकिलांची भेट उद्याच ठरवली आहे. छायाचित्रे पुन्हा पाहिली. त्यांत मोजपट्टी नाही, परंतु एका छायाचित्रात पत्नीच्या चपलेचे टोक पायरीला टेकलेले आहे आणि ती चप्पल घरात आहे. दुरुस्तीच त्यांच्या चुकीची कबुली मानता येईल का? आणि 'घसरून पडले' ही नोंद बदलून घेता येईल का?

उत्तर ३ — सर्व्हेअर

मी विमा कंपन्यांसाठी दाव्यांची पाहणी करतो, म्हणजे आपल्या समोरच्या बाजूला बसणारा माणूस आहे. त्यामुळे आपल्या प्रश्नातले मला सर्वांत आधी काय टोचले ते सांगतो : 'हा माझा रोजचा रस्ता आहे.' मी अहवाल लिहीत असतो तर या वाक्याखाली रेघ ओढली असती. रोज जाणाऱ्याला चर माहीत होता, मग त्याने वेग का कमी केला नाही, बाजूने का गेला नाही? दुसरे वाहन नसलेल्या अपघातात चालकाचा वेग, टायरची झीज, दिवा आणि ब्रेक यांवरच प्रथम नजर जाते. आपला निष्काळजीपणा काही अंशी ठरला तर बहुतेक ठिकाणी भरपाई पूर्ण जात नाही, त्या प्रमाणात कापली जाते. हेल्मेटचे उदाहरण घ्यावे. इंग्लंडच्या न्यायालयांनी हेल्मेट न घातलेल्या चालकाची भरपाई १५ टक्क्यांनी आणि हेल्मेट असूनही पट्टा न लावलेल्याची १० टक्क्यांनी कमी केल्याचे निकाल आहेत. पट्टा लावला होता हे आपण लिहिले आहे. ते दाखवणारे हेल्मेट, ओरखड्यांसह, जपून ठेवावे.

रुग्णालयाची नोंद बदलून घेण्याचा प्रयत्न कृपया करू नये. खाडाखोड केलेला कागद मूळ अपुऱ्या कागदापेक्षा शंभरपट घातक असतो. त्याऐवजी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत अपघात कसा झाला ते सांगून त्या दिवसाच्या तारखेनिशी नवी नोंद करायला सांगावे. पोलिसांकडे जबाब झाला नसेल तर तोही द्यावा, आणि उशीर का झाला हे त्यात स्पष्ट लिहावे. 'घसरून पडले' ही नोंद आपल्या विरोधात नाही; ती फक्त अपुरी आहे. घसरण्याचे कारण तिने नाकारलेले नाही.

तिसरी गोष्ट रकमेची. मनगटाची सुधारणा थांबेपर्यंत, म्हणजे आता याहून बरे होणार नाही असे डॉक्टर लेखी सांगेपर्यंत, कोणत्याही पूर्ण व अंतिम तडजोडीवर सही करू नये. आमच्या बाजूने पहिली रक्कम लवकर येते ती उगीच नव्हे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर आकडा लहान येईल, कदाचित आपल्याला तो हास्यास्पद वाटेल. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या एका निकालात हा घोळ नीट उलगडला आहे : शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकच इजा कारकुनाला व सुताराला सारखी भोवत नाही. आपण सुरी निसटते असे लिहिले. तेच दाखवावे. अपघातापूर्वी महिन्याला किती कॅप घडवत होता आणि आता किती होतात, हे प्रयोगशाळेच्या नोंदवहीतून काढून मालकांची सही घ्यावी. या पानासमोर मला फार बोलता आले नसते.

उत्तर ४ — उलटतपासणी

सर्व्हेअर यांनी मांडलेला 'रोजचा रस्ता' हा मुद्दा खरा आहे, पण त्याला दुसरी बाजू आहे. तो चर आपण किती दिवसांपासून पाहत होता, भराव कधी खचू लागला, एखाद्या सहकाऱ्याला त्याबद्दल कधी बोलला होता का, हे सगळे आपणच शपथेवर सांगू शकता. म्हणजे चराचे वय सांगणारा पहिला साक्षीदार आपणच. धोका माहीत असणे आणि संध्याकाळच्या उजेडात, वळणावर, त्याची उंची दिसणे यांत फरक आहे, आणि तो न्यायाधीशांना समजतो. अपघाताच्या दिवशी सूर्यास्त किती वाजता होता आणि आपण कामावरून किती वाजता निघालात, हे दोन आकडे जवळ ठेवावेत.

दुरुस्ती म्हणजे कबुली नव्हे. अमेरिकेच्या संघीय पुरावा नियमांतील ४०७ वा नियम तर असा पुरावा निष्काळजीपणा सिद्ध करण्यासाठी वापरूच देत नाही, नाहीतर अपघातानंतर कोणी खड्डा बुजवणारच नाही, हा त्यामागचा विचार आहे. मात्र जागा कोणाच्या ताब्यात होती हा वाद असेल, तर त्याच नियमानुसार तोच पुरावा चालतो. आपल्या प्रकरणात तीन प्रतिवादी एकमेकांकडे बोट दाखवणार असल्याने नवे डांबर कोणी टाकले हे म्हणूनच मोलाचे आहे. चप्पल जपून ठेवावी. तिची लांबी मोजून छायाचित्राशी ताडता येते. मूळ छायाचित्रे फोनमधून पुसू नयेत आणि कापून-सजवून कोणाला पाठवू नयेत, कारण तारीख आणि वेळ मूळ फाइलमध्येच असते. नकाशाच्या संकेतस्थळांवर त्या वळणाची जुनी दृश्येही तपासावीत.

यापुढे अपघाताचा तपशील इथे जाहीरपणे लिहू नये ही विनंती. समोरचा पक्षही वाचतो. आणि एक राहिले : मोटारसायकल कुठे आहे?

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद — दंतसाचा

गॅरेजमध्ये होती आणि उद्या पुढची रिम बदलायची होती. आपला प्रश्न वाचून लगेच फोन केला. टायर काढून झाला होता, पण रिम भंगारात गेली नव्हती. उजव्या कडेला बोटभर लांबीचा चेपलेला भाग आहे आणि त्यात डांबर अजून चिकटलेले आहे, असे गॅरेजवाल्याने सांगितले. रिम आणि टायर दोन्ही जसेच्या तसे बाजूला ठेवायला सांगितले आहेत, आणि उद्या वकिलांकडे जाताना ते सोबत नेतो.